रिकाम्या टोपल्या

१२ जानेवारी

भिंगरी,

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो गेली कित्येक वर्षं दुखतोच आहे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असल्यामुळे तिचं खाली-वर चालू असतं. खालच्या काकू रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि जाताना आपल्या घरातल्या कशाला तरी नाव ठेवून जातात. परवा पडद्यांवर घसरल्या. आई म्हणाली, तुम्हाला आवडत नसतील तर डोळे मिटून बसा.

झालं. तुझी अट पाळली. पत्रात फक्त आईबद्दल लिहायचं, बाबांचा विषय काढायचा नाही, फोन तर अजिबात करायचा नाही. गेल्या वर्षी फोन बंद केलास, तेव्हापासून तुझी कार्डंही एकेका ओळीची येतात. मी काही विचारलं नाही. पण आज अट मोडतोय. वाटलं तर इथेच वाचायचं थांब.

बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. तक्रार म्हणून लिहीत नाही, मीसुद्धा त्या दिवशी असून नसल्यासारखाच होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई तुला माहीत आहेत. मी शरीराचे तुकडे मेणात बसवून कापायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करायचं, असा आमचा दोघांचा संसार आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मेंदू तपासायला ठेवून घेऊ का? इतकी वर्षं झोक जात होता, जीभ जड होती, हाताला नेम नव्हता." मी म्हटलं, "घ्या. पण कारण माहीतच आहे. दारू."

मेंदू लगेच कापता येत नाही. तो फार मऊ असतो, औषधाच्या पाण्यात काही आठवडे राहिला की घट्ट होतो. कापायच्या दिवशी बाई म्हणाल्या, तू आज येऊ नकोस. मी गेलो आणि शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या काचांना लेबलं लावली. मला काही वाटलं नाही. दुपारी डबाही खाल्ला.

काल बाईंनी बोलावलं.

"किती प्यायचे रे तुझे वडील?"

"रोजच."

"काय प्यायचे?"

"वास यायचा," मी म्हटलं.

"मी यकृतही बघितलंय," त्या म्हणाल्या. "रोज पिणाऱ्याचं असं नसतं. तुझ्यापेक्षा बरं असेल."

म्हणून तुला विचारतो. बाटली मलाही आठवते, कपड्यांचा वास आठवतो, झोकांड्या तर सगळ्या गल्लीला आठवतात. ते विचारत नाही. बाबांना ग्लास तोंडाला लावताना तू कधी बघितलंयस का?

दादा

२ फेब्रुवारी

भिंगरी,

कार्ड मिळालं. "आईला गुडघ्याचा पट्टा घेऊन दे. बाकीचं मला विचारू नकोस." पट्टा घेतला. आई म्हणते, घोड्याला घालतात तसला आहे. बाकीचं आता विचारत नाही, सांगतो.

दोघांना एकाच वेळी बघता येतं असा एक सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे, शिकवायला वापरतात. बाईंनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि बाबांची काच लावली. मेंदूच्या मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. मी आजवर शेकडो कापलेत. त्यात वर एक फिकट थर, खाली दाट ठिपक्यांचा थर, आणि दोघांच्या मध्ये सुरईच्या आकाराच्या मोठ्या पेशींची एकेरी रांग. प्रत्येकीच्या डोक्यावर फांद्यांचा एवढा मोठा पसारा. पर्किंजे पेशी म्हणतात त्यांना. शिकाऊ मुलांना मी नेहमी सांगतो की काच सरळ लागली की नाही ते या रांगेवरून ओळखा.

बाबांच्या काचेत रांग नव्हती. मी म्हटलं, "बाई, काच उलटी लागलीय का?" मी, एवढी वर्षं हेच काम करणारा माणूस. त्यांनी चांदीच्या क्षाराने रंगवलेली दुसरी काच लावली. त्या रंगात पेशींभोवतीचे बारीक धागे काळे होऊन दिसतात. त्या प्रत्येक पेशीच्या बुडाशी शेजारच्या पेशींनी धाग्यांची एक टोपली विणलेली असते. टोपल्या होत्या. एकीला लागून एक, नीट विणलेल्या. आतली पेशी तेवढी नव्हती.

या पेशी करतात काय, तर फक्त थांबवतात. हात कपाकडे निघतो तेव्हा सगळे स्नायू उत्साहात असतात. ही पेशी मोजून मापून सांगते, आता हळू, आता पुरे. दुसरं काही तिला सांगताच येत नाही. ती मेली की हात जातो, पण कपाच्या पलीकडे जातो. पाय पडतो, पण हवा तिथे पडत नाही. जीभसुद्धा तशीच. बाबा बस चालवायचे तेव्हा काय सांगायचे आठवतं? गाडी पळवायला अक्कल लागत नाही, ती थांबवायला लागते. शेजारी बसेल त्याला ऐकवायचे. आपण त्यांच्यामागे नक्कल करायचो.

दारूनेही या पेशी मरतात, म्हणून बाईंनी घाई केली नाही. पण दारू मुख्यतः मधल्या, वरच्या भागाला धरते. बाबांच्या लहान मेंदूत सगळीकडे तेच होतं आणि खाली मेंदूच्या देठापर्यंत पोचलं होतं. हा आजार आहे. तो त्यांना कित्येक वर्षं होता.

घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत होती. मी म्हटलं, "बाबा पीत नव्हते."

तिने वर बघितलं नाही. "दिसलं का शेवटी तुझ्या काचेत?"

"तुला माहीत होतं?"

"बाटली एकच होती रे. तीच कित्येक वर्षं पुरली. बाहेर जाताना कॉलरला दोन थेंब लावायचे, अत्तर लावल्यासारखे." मग म्हणाली, "तिला लिहू नकोस. रागात आहे, पण सुखात आहे. राहू दे तशीच."

का लावायचे, ते मी विचारलं आणि तिने सांगितलंही. ते मला तुला सांगायचंय. पण बाई म्हणतात, आधी तिला विचार की तिला जाणून घ्यायचंय का. ते केवळ बाबांबद्दल नाही, तुझ्या-माझ्याबद्दल आहे. नको असेल तर न कळण्याचा तुला हक्क आहे, कोणी जबरदस्ती करणार नाही. मी बाईंना म्हटलं, असं विचारलं की सांगितल्यासारखंच झालं. त्या म्हणाल्या, हो, याला अजून कोणाला उपाय सापडलेला नाही.

तर विचारतो. सांगू का?

दादा

२० फेब्रुवारी

भिंगरी,

"सांग." एवढंच लिहिलंस. दोन अक्षरं, आणि तीही कागदाच्या एका कोपऱ्यात. सांगतो.

जावईबापूंच्या घरचे पहिल्यांदा भेटायला आले तो दिवस. बाबा त्यांच्या आईला पाणी देत होते आणि ग्लास सगळा त्यांच्या मांडीवर रिकामा झाला. मी टॉवेल आणायला धावलो, म्हणून पुढचं ऐकलं नाही. तू ऐकलंस. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "तब्येतीचं काही आहे का? घरात आणखी कोणाला होतं?" कोणीतरी त्यांना आपल्या आजीबद्दल सांगितलं होतं. आजी शेवटी अंथरुणातच होती, चमचा तोंडाऐवजी गालाला लागायचा, आणि आपल्याला ती गंमत वाटायची. बाबांना त्याच्या थोडंच आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे तुमच्या आईकडून तुमच्याकडे आलंय आणि तुमच्या मुलांकडेही जाऊ शकतं.

बाबा हसले आणि म्हणाले, "तब्येत कसली! सकाळी जरा जास्त झाली."

तू उठून स्वयंपाकघरात गेलीस. त्यानंतर त्यांच्याशी धड एक वाक्य बोलली नाहीस.

आई म्हणाली, "दारुड्याची मुलगी लोक करून घेतात रे. बाप वाईट, मुलगी गुणी म्हणतात. रक्तातला आजार म्हटलं की उंबऱ्यावरूनच परत फिरतात." दुसऱ्या दिवशी बाबा जन्मात पहिल्यांदा दारूच्या दुकानाची पायरी चढले. दुकानदाराने विचारलं, कोणती देऊ? बाबा म्हणाले, जिचा वास येईल ती.

आठवड्याभरात त्यांनी आगारात जाऊन गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "माझी सुटत नाही. माझ्या हातात बस देऊ नका." ते तुला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं आणि तू निरोप पाठवलास की लग्नाला येऊ नका. ते आले नाहीत. आई म्हणते, त्या दिवशी ते जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा बसवत होते. लोकांना सांगितलं, हिच्या गुडघ्यासाठी. आईचा गुडघा तेव्हा ठणठणीत होता. नंतर तिला तो दुखवावा लागला आणि मग खरोखरच दुखायला लागला.

मला बाबांचा राग आला. लग्न जमेपर्यंत लपवलं, समजू शकतो. पण तुला मुलगी झाली, तेव्हा तरी सांगायचं. ज्या माणसाने लोकांच्या जिवाला धोका नको म्हणून नोकरी सोडली, त्याने घरात मात्र तोंड उघडलं नाही. हल्ली मला दुसरं काहीच नीट वाटत नाही, एवढा राग तेवढा वाटतो. तो जाऊ नये म्हणून मी जपून वापरतो.

आता आपल्या दोघांचं. नाणं उडवल्यासारखं आहे. तुझं नाणं वेगळं, माझं वेगळं. बाबांचा दोष माझ्यात असेल वा नसेल, तुझ्यात असेल वा नसेल. रक्त तपासून कळतं. असला तर चाळिशीच्या आसपास दिसायला लागतो. औषध नाही. व्यायाम आहे, आधार आहे, आपल्याला काय झालंय हे माहीत असणं आहे. तुझ्यात नसेल तर तुझ्या लेकीलाही तो मिळणार नाही. असेल तर तिचंही एक नाणं.

मी रक्त देऊन आलोय. आईला सांगितलेलं नाही. तेव्हापासून माझ्या हातून काचा फुटतायत. मेणाच्या पातळ फिती कोमट पाण्यावर तरंगत सोडायच्या आणि खालून काच घालून अलगद उचलायच्या, हे काम मी डोळे मिटून करायचो. या आठवड्यात दोनदा फीत दुमडली. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "द्या इकडे, आज मी करते." मी म्हटलं, थंडीने बोटं आखडलीत. ती म्हणाली, "उकडतंय हो." सकाळी मी जिन्यावरून कठडा न धरता उतरून बघतो आणि संध्याकाळी तसाच चढून बघतो.

तू ठीक असशीलच. लहानपणी अंगणात गोल गोल फिरायचीस आणि एकदाही पडायची नाहीस, त्यावरून तर बाबांनी तुझं नाव ठेवलं.

दादा

१५ मार्च

भिंगरी,

पाकीट जाड होतं. मला वाटलं, भांडायला लागलीस शेवटी, बरं झालं. उघडलं आणि अक्षर बघून वाचायच्या आधीच खाली बसलो. ओळी कागदाबाहेर चालल्यात. एवढं लिहायला तुला किती वेळ लागला असेल ते मला कळतं.

म्हणजे एका ओळीची कार्डं रागाने पाठवत नव्हतीस. फोन बंद केलास तो तुझी जीभ जड होत चालली म्हणून, मी ऐकलं असतं तर ओळखलं असतं म्हणून. आणि बाबा गेले तेव्हा आली नाहीस, कारण सगळ्या गल्लीदेखत तुला त्यांच्यासारखं चालत यावं लागलं असतं. मी आणि आई इथे बसून तुझ्या स्वभावाला बोल लावत होतो.

तू लिहिलेलं एक वाक्य मी डब्याच्या पिशवीत ठेवलेल्या चष्म्यासारखं बरोबर घेऊन फिरतोय. "दादा, मला वाटलं बाबांचं व्यसन न पिताच माझ्यात उतरलं." तू सकाळी दोनदा दात घासतेस. जावईबापूंनी एकदा जवळ येऊन तुझ्या तोंडाचा वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा लेक दारात उभी होती. त्यांना दोष देऊ नको म्हणतेस. देत नाही. माझ्या बापाबद्दल मीही तेच समजत होतो आणि माझं तर पोट या कामावर चालतं.

माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस, ते चांगलं केलंस. ते उठून बाहेर गेले आणि आल्यावर तुझे पाय दाबत बसले, हे मी आईला सांगितलं. तिने विचारलं, "पाय का दाबायला लागले?" मग सगळंच सांगावं लागलं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. मग म्हणाली, "ह्यांनी लपवलं ते हिच्यासाठी. आणि हिलाच उलटं पडलं." मी जवळ बसलो. रडली असती तर बरं झालं असतं, पण रडली नाही. मीही नाही.

तिथल्या डॉक्टरांनी तुझं रक्त घेतलंय. उत्तर यायचंय म्हणतेस. येऊ दे. तुला माहीत आहे आणि मलाही.

माझं उत्तर आलं. हे वाक्य कुठे घालायचं ते कळत नव्हतं, म्हणून तुझं सगळं आधी लिहिलं. माझ्यात नाही. बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, मग काचा का फुटतात? त्या म्हणाल्या, "कारण तू काचेकडे बघत नसतोस. चार महिने झाले, वडील गेल्यापासून तू कुठेच बघत नसतोस."

आनंद व्हायला हवा होता. मी आजारी पडायची तयारी करून ठेवली होती. उठायला सोपी खुर्ची कुठे मिळते तेसुद्धा विचारून आलो होतो. आता ती खुर्ची तुझ्यासाठी आणायची आहे आणि मी धडधाकट आहे. हे तुझ्यापुढे कसं मिरवू? कालपासून एकही काच फुटलेली नाही, याची मला लाज वाटते.

इकडे ये. सुट्टीपुरती नाही, चांगली राहायला ये. लेकीलाही आण.

दादा

२९ मार्च

भिंगरी,

मंगळवारी निघताय, कळलं. तुझ्या रक्ताचं उत्तरही कळलं. जावईबापूंनी मला फोन करून सांगितलं. मग ते म्हणाले, "मी तिचा वास घेतला हो." मी म्हटलं, "आम्हीसुद्धा बाबांचा घ्यायचो." तेवढ्यावर ठेवला. माणूस चांगला आहे.

लेकीचं तू विचारलंस. ती मोठी झाली, तिने स्वतः विचारलं, की तिला सगळं सांगायचं आणि तपासायचं की नाही ते तिने ठरवायचं. तोवर कोणी तिचं रक्त काढायचं नाही. बाई म्हणाल्या, हे नियमातच आहे. पण आई का अडखळते ते तिला आताच सांग. आपल्याला कोणी सांगितलं असतं तर आपण आजीला हसलो नसतो.

बाबांच्या काचा बाईंनी शिकवायच्या कपाटात ठेवल्यात, माझी परवानगी घेऊन. शिकाऊ मुलांना आता मी त्यातलीच एक लावून देतो. रांग शोधा म्हणतो. ती शोधत राहतात. मी नाव सांगत नाही.

काल संध्याकाळी खालच्या काकू आल्या. त्यांना बातमी लागली होतीच. म्हणाल्या, "लेक येतेय म्हणे. बाप होता तोवर फिरकली नाही. खरंच आहे, दारुड्याच्या घरी कोण येईल?"

आई उठली. मला वाटलं आत जाईल. इतकी वर्षं ती असल्या बोलण्यावर आतच जायची. ती दार उघडून जिन्यात गेली, दोन्ही हातांनी दोन्ही कठडे धरून उभी राहिली आणि वरखालच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे कधीच प्यायले नाहीत! त्यांना आजार होता. माझी लेक मंगळवारी येतेय, तिलाही तोच आहे. ती ह्यांच्यासारखी चालेल. ती प्यायलेली नसेल. कोणाला वास घ्यायचा असेल त्याने आत्ता येऊन ह्या कठड्याचा घ्यावा!"

एक-दोन दारं उघडली. काकू चपला शोधायला लागल्या आणि दोन्ही डाव्या पायातच घालायला गेल्या. आई त्यांना म्हणाली, "सावकाश जा. जिन्यातला दिवा मी आता रात्रभर चालू ठेवणार आहे, तुम्हालाही दिसेल."

मग ती स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर चढायला लागली. मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, मग तूच काढ. कपाटावर मागच्या बाजूला ती बाटली होती. अजून थोडी उरली होती. आईने झाकण उघडून ती मोरीत ओतली. सगळ्या खोलीत बाबांचा वास सुटला. बाहेरून आल्यावर आपल्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि आपण मान काढून घ्यायचो, तोच. आई म्हणाली, "खिडकी उघडू नकोस." आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. तेव्हा मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. आईनेही मग सोडलं.

मंगळवारी मी घ्यायला येतो. गर्दी असेल, लोक वळून बघतील, बघू देत. सामान जावईबापूंना उचलू दे, मला सांगू नकोस. तू माझा हात धर. तो हलत नाही, मी तपासून घेतलाय.

दादा